सॉकेटचा तिसरा पाय

विज्ञान शिकलेल्या माणसाला यंत्राचे भय वाटत नाही. कारण यंत्र तर्काने चालते, आणि तर्क हा सुशिक्षिताचा घरचा माणूस असतो. हे माझे मत मी पदवी मिळाल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षे, जपून ठेवले होते. ते मी एका शुक्रवारी दुपारी पाऊण वाजता सोडून दिले. त्या वेळी माझा उजवा अंगठा पाण्याच्या तांब्यात होता, डाव्या हातात इअरफोन होता, आणि आमच्या वडिलांचा रेडिओ एकाच वेळी दोन ठिकाणांहून शेळ्यांना होणाऱ्या जंतांविषयी बोलत होता.

शेळ्यांशी आमचा काही संबंध नाही. आम्ही चिंचवडला कामगार वसाहतीत राहतो. वसाहतीतल्या दोन घरांमध्ये भिंत आहे असे नकाशात दाखवलेले आहे. प्रत्यक्षात शेजारच्या रंगरावांकडे पापड मोडला तर तो उडदाचा की नाचणीचा हे आमच्याकडे कळते. रंगराव आमच्याच कंपनीत, प्रेस शॉपला. मोठी ऑर्डर आली होती, पाळ्या फिरवणे बंद झाले होते आणि ते तीन महिने तिसऱ्या पाळीत अडकले होते. रात्री अकरा ते सकाळी सात पत्रा कापायचा आणि दिवसा झोपायचे.

भिंतीच्या अलीकडे आमचे वडील, अण्णा. चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत मास्तर, शेवटची नऊ हेडमास्तर. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले तेव्हा त्यांच्याबरोबर एक ट्रंक होती आणि चामड्याच्या जाकिटातला एक ट्रान्झिस्टर. कान निम्मे गेलेले. त्यामुळे रेडिओ अण्णांना ऐकू येऊ लागेपर्यंत तो इतर सर्वांना ऐकू येऊन गेलेला असे. त्यातही दुपारी साडेबाराचा शेतीचा कार्यक्रम. तो अण्णांनी कधी चुकवला नाही. आमच्या मालकीची शेती म्हणजे डालड्याच्या डब्यातली तुळस. पण अण्णा तो कार्यक्रम असा ऐकत, की जणू शेवटी परीक्षा आहे आणि आपण नापास झालो तर गावातली पोरे काय म्हणतील.

गुरुवारी, म्हणजे आमच्या औद्योगिक भागातल्या रविवारी, रंगरावांच्या गोजाबाई आमच्या दारात आल्या.

"वहिनी, मी भांडाय आली न्हाई," त्या माझ्या बायकोला, कस्तुराला म्हणाल्या. भांडायला आलेल्या बाईला मी तोंड देऊ शकतो. भांडायला न आलेल्या बाईपुढे माझे काही चालत नाही. मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

"काल प्रेसवर डुलकी लागली ह्यास्नी. बाजूच्यानं मागनं वढला म्हणून बोटं जाग्यावर हायती. न्हाई तर आज तुमच्याच मालकाच्या हाफिसात अर्ज घिऊन हुभी असती मी."

मी कंपनीच्या टाइम ऑफिसात आहे. असे अर्ज माझ्या टेबलावरून जातात. त्यांत बोटाचे नाव लिहायचे नसते, बोटाचा नंबर लिहायचा असतो.

"काय म्हणतात त्या?" अण्णांनी विचारले. कस्तुराने त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्याने सांगितले. अण्णांनी हात पुढे करून रेडिओ बंद केला. भाताची लावणी निम्म्यावर राहिली.

"बरोबर आहे त्यांचं," अण्णा म्हणाले. "झोप मोडून माणूस जगत नाही. जयसिंग, पुढच्या गुरुवारी मला दोनच्या गाडीत बसवून दे. धाकट्याकडे राहीन, चाकणच्या पुढं. तिथं शेजारी बैल आहेत. त्यांची तक्रार नाही."

हे ते रागाने बोलले असते तर बरे झाले असते. ते हळू आवाजात बोलले. अण्णा हळू आवाजात बोललेले मी पूर्वी एकदाच ऐकले होते, आणि तो प्रसंग आनंदाचा नव्हता.

स्वयंपाकघरात कस्तुराने मला भिंतीशी गाठले. "अण्णा गेले तर दिवसभर मी कोणाशी बोलू? तुम्ही घरी येऊनसुद्धा हजेरीच घेता. काहीतरी करा. बी.एस्सी. आहात ना?"

तिने माझ्या पदवीचा उल्लेख लग्नाच्या वेळी केला होता, त्यानंतर आजच.

उपाय मला तिथेच सुचला आणि तो मी अंगणात येऊन, चारचौघांच्या समोर जाहीर केला. ही पहिली चूक. रेडिओला इअरफोनचे सॉकेट बसवायचे. अण्णा कानात इअरफोनचे बोंडूक घालून ऐकतील, भिंतीपलीकडे रंगराव झोपतील, वसाहतीत शांतता नांदेल. "अगदी साधं काम आहे," मी म्हणालो. "फिजिक्स." गोजाबाईंनी माझ्याकडे डॉक्टरकडे पाहावे तसे पाहिले. त्या नजरेचे देणे मी पुढचा आठवडाभर फेडत होतो.

संध्याकाळी पिंपरीला स्टेशनाजवळ बरकतच्या दुकानात गेलो. बरकत म्हणजे रेडिओ दुरुस्तीतला जुना माणूस. दुकान एवढेसे, की गिऱ्हाईक आत आले तर बरकतला पाय जवळ घ्यावे लागतात. त्याने मला इअरफोन दिला आणि करंगळीच्या पेराएवढे एक सॉकेट. त्याला मागे तीन चपटे पाय होते.

"रेडिओ घेऊन या, साहेब. दहा मिनिटांचं काम."

"मी स्वतः बसवणार आहे. मी बी.एस्सी. आहे."

"मग पंधरा मिनिटं लागतील," बरकत शांतपणे म्हणाला. "फक्त एक बघा. हा जमिनीचा, म्हणजे अर्थिंगचा पाय, हा पिनेच्या टोकाचा. आणि हा तिसरा, हीच खरी चीज आहे. आत एक पत्ती आहे, ती—"

"माहीत आहे," मी म्हणालो.

मला माहीत नव्हते. पण स्टूलवर दुसरे एक गिऱ्हाईक बसले होते, आणि त्याच्यादेखत एका पदवीधराने दुकानात बसून धडा घ्यावा हे मला पटेना. बरकतने पाय पुन्हा लांब केले आणि विषय संपला.

शुक्रवारी सकाळी कामावर जाताना पोस्टात थांबलो. रेडिओला लागणारे सरकारी लायसन्स अण्णांच्या नावे, गावच्या पोस्टातले. कायद्याने चालणाऱ्या माणसाला पडावा तसा मला प्रश्न पडला होता, की इअरफोन लावल्याने हा दुसरा रेडिओ ठरतो काय. खिडकीतल्या कारकुनाने चष्मा कपाळावर घेतला.

"ऐकणारे किती होणार?"

"एक."

"आतापर्यंत किती होते?"

"सगळी वसाहत."

"मग कमीच झाले की. वाढल्याचा फॉर्म आहे. कमी झाल्याचा नाही."

असा कायद्याचा अडसर दूर झाल्यावर मी जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत घरी आलो. सहा मिनिटांचा रस्ता. खिळा तापवून रेडिओच्या कुशीत भोक पाडले. भोक सॉकेटपेक्षा मोठे झाले. सॉकेट त्यात हलू लागले, आणि त्याला आगपेटीचा तुकडा लावून बसवावे लागले. आत पाहिले. स्पीकरला दोन तारा. इअरफोनच्या पिनेला दोन भाग, एक टोक आणि एक अंग. दोन आणि दोन यांचा मेळ मला ताबडतोब दिसला. तिसऱ्या पायाला यात कुठेच जागा नव्हती. कारखानदार शर्टाच्या आत एक बटण जादा शिवून देतात तसा हा पाय असावा, असे मी ठरवले आणि तो मोकळा सोडला.

सोल्डरिंग आयर्न मागून आणले होते. डाग देताना त्याचे कोणते टोक धरायचे हे पदवीच्या अभ्यासक्रमात नव्हते. अंगठ्याचा उल्लेख वर आलेलाच आहे.

इअरफोन लावला. इअरफोनमध्ये शेळ्या आल्या. पण स्पीकरमधूनही शेळ्या येतच राहिल्या. कानात घातले तरी दोन्हीकडे, काढले तरी स्पीकर चालूच. मी एका नळाला दुसरी तोटी लावली होती, पहिली बंद करायची राहिली होती. भिंतीपलीकडे खाट करकरली.

समोरच्या सरूबाई हे सगळे उंबऱ्यात बसून शेंगा सोलत पाहत होत्या. "मास्तरांच्या कानात करंट सोडू नका बाई," त्या कस्तुराला म्हणाल्या. "माझ्या भावजयीच्या चुलत्यानं असलंच काहीतरी कानात घातलं. तेव्हापासून त्याला गोड लागत नाही."

"त्यांना साखर झाली असेल," मी म्हणालो.

"तेच ते. आली कुठून साखर?"

मी तांब्यातून अंगठा काढला आणि कामावर परत गेलो.

शनिवारी रेडिओ जेवणाच्या पिशवीत घालून कंपनीत नेला. आमचा विलास हा मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. प्रेस शॉपमधली कुठलीही मशीन बंद पडली की लोक देवाच्या आधी विलासचे नाव घेतात. त्याने सॉकेट पाहिले, पिन आत-बाहेर केली आणि त्याचा चेहरा उजळला.

"अहो जयसिंगराव, हा साधा सॉकेट नाही! ह्यात स्विच आहे. पिन आत गेली की पत्ती उचलते, कॉन्टॅक्ट तुटतो. इंटरलॉक आहे ही, इंटरलॉक! आपल्या प्रेसला असते तशी."

नव्या पॉवर प्रेसला पुढे जाळीचे एक गार्ड असते. ते जागेवर बसल्याशिवाय प्रेस चालत नाही आणि काढले की प्रेस थांबते, म्हणजे कोणाचा हात आत जाऊ नये. विलासने बारा वर्षे ही गार्डे जोडली होती. त्याने हात चालवले, तीन मिनिटांत तिसऱ्या पायावरून एक छोटी तार जमिनीच्या पायावर टाकली, आणि इअरफोन माझ्या कानात घातला. प्रेस शॉपमध्ये दोन्ही बाजूंना दोनशे टनांच्या प्रेस ठाणठाण चालू होत्या. त्या गोंगाटात माझ्या एका कानात बासरी वाजू लागली. मला वाईट वाटले, की शास्त्राचे विद्यार्थी असून आपण विलासला कधी चहा पाजला नाही.

"आता काढतो बघा," विलास ओरडला. पिन काढली. रेडिओ गप्प. "लावली की चालू, काढली की बंद. एकदम सेफ!"

काम सेफ झाले होते यात वाद नाही. ते कोणाच्या बाजूने सेफ झाले होते हे त्या आवाजात ऐकू येणे शक्य नव्हते.

संध्याकाळी गेटवर अर्जुनरावांनी पिशवी उघडायला लावली. अर्जुनराव म्हणजे आमचे वॉचमन. मिशा लष्करातून आणलेल्या.

"साहेब, हा माल आत आणल्याची नोंद दिसत नाही."

"अर्जुनराव, हा माझ्या वडिलांचा रेडिओ आहे."

"असंल. पण आत आला नाही तो बाहेर कसा जाईल? गेल्या महिन्यात डब्यातला पाना मी पकडला न्हाई म्हणून तुम्हीच मला चार लोकांत बोलला. माझी नोकरी आहे, साहेब."

ते खरे होते. मी त्यांना बोललो होतो, आणि चांगले ठेवणीतले शब्द वापरले होते. रेडिओ सिक्युरिटीच्या केबिनमध्ये राहिला. जे आत आलेले नाही ते बाहेर नेण्यासाठी कागद लागतो. तो कागद स्टोअरचा. स्टोअर म्हणाले, हा माल आमच्या खात्यावर नाही, तर आम्ही सोडणार कसा? तुम्ही तो कोणत्या खात्यात तयार झाला ते लिहून आणा. सोमवारी मी लिहून नेले की तो जपानमध्ये तयार झाला. ते खाते आमच्याकडे नव्हते.

शेवटी स्टोअरकीपरनेच दया येऊन वाट दाखवली. खातेच माहीत नसलेला माल फक्त एकाच रीतीने कंपनीबाहेर जाऊ शकतो: भंगार म्हणून. मात्र चालू माल भंगारात काढता येत नाही. तशी अडचण आली नाही, कारण केबिनमधल्या वॉचमन मंडळींनी दोन दिवस सगळी बटणे फिरवून पाहिली होती आणि रजिस्टरात लिहिले होते, "रेडिओ एक, बंद अवस्थेत." पिन माझ्या खिशात होती. बंद हा शब्द वाचून मी सुखावलो. त्या शब्दाने मला सावध करायला हवे होते, पण अडचणीतला माणूस कागदावर सोयीचा शब्द दिसला की पुढे वाचत नाही.

भंगाराला वजन लागते. भंगाराचे वजन ट्रकच्या काट्यावर होते. मी रेडिओ त्या भल्यामोठ्या लोखंडी पाटावर मधोमध ठेवला. काटा हलला नाही. काटेवाला म्हणाला, शून्य. शून्य वजनाचा माल भंगार होऊ शकत नाही. मग त्याने युक्ती काढली: मी रेडिओ घेऊन उभे राहायचे, मग रेडिओशिवाय. रेडिओ घेऊन माझे वजन सत्तर भरले. रेडिओशिवाय सत्तर. मागे पत्र्याच्या कातरणाने भरलेला ट्रक हॉर्न देत होता आणि ड्रायव्हर विचारत होता, की साहेबांना भंगारात काढताय का. अखेर मंगळवारी दुपारी कँटीनच्या तराजूत, बटाट्यांसमोर, अण्णांच्या रेडिओचे वजन झाले. एक किलो आणि वर दोन बटाटे. काटेवाल्याने "एक किलो शंभर ग्रॅम" लिहून दिले, कारण बटाटे हे माप मंजूर नव्हते.

इकडे घरी चार दिवस रेडिओ नव्हता. रंगराव चार दिवस गाढ झोपले. गोजाबाईंनी गूळ-शेंगदाण्याचे लाडू पाठवले. ते लाडू पाहून अण्णा म्हणाले, "बघ, किती साधा उपाय होता," आणि त्यांनी धोतरांच्या घड्या ट्रंकेत ठेवायला घेतल्या. साडेबारा वाजले की ते घड्याळाकडे पाहत आणि कार्यक्रमाची वेळ संपेपर्यंत तुळशीला पाणी घालत. तुळस चार दिवसांत पिवळी पडली.

मंगळवारी संध्याकाळी मी रेडिओ आणि इअरफोन त्यांच्या पुढ्यात ठेवले. "उद्या साडेबाराला," अण्णा म्हणाले. दुसरे काही ऐकण्यासारखे असते असे त्यांचे मत नाही.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी सायकलवरून वसाहतीच्या कोपऱ्यावर वळलो, आणि तिथेच मला एक भारदस्त आवाज ऐकू आला. "ज्वारीवरील खोडमाशी ही सकाळच्या वेळी अंडी घालते." आवाज गल्लीच्या दोन्ही टोकांवर आपटून परत येत होता. मी सायकल तशीच टाकून आत धावलो. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. कानात इअरफोन. मांडीवर रेडिओ, आणि त्याचा स्पीकर कधी नव्हे इतका मोठ्याने बोलत होता, कारण वॉचमन मंडळींनी फिरवलेले आवाजाचे बटण शेवटच्या टोकालाच राहिले होते. कस्तुरा त्यांच्यासमोर उभी राहून दोन्ही हातांनी खुणा करत होती. अण्णांनी डोळे उघडले, ओठांवर बोट ठेवले आणि तिला दटावले, "हळू, पोरी. रंगराव झोपलेत."

"मलाच गप्प करताहेत!" कस्तुरा मला म्हणाली.

दारात रंगराव उभे होते. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, डोळे कुंकवासारखे लाल. ते पुढे आले आणि अण्णांच्या रेडिओतली पिन त्यांनी काढली. शांतता. पिन घातली. खोडमाशी गरजली. पिन काढली. शांतता. असे तीन वेळा झाले. मग ते खाली जमिनीवर बसले.

"साहेब, ह्ये कुनी जोडलं?"

"विलासने."

"तरीच!" रंगरावांनी मान हलवली. "ह्ये गार्डावानी जोडलंय. गार्ड बसलं की प्रेस चालती, काढलं की थांबती. पर हितं उलटं पायजे न्हवं का? कानात घातलं की मोठा आवाज थांबाय पायजे. बॅटरी हाय?"

मी बॅटरी पेटवून आणली. आगपेटीचा तुकडा काढून रंगरावांनी सॉकेट उजेडात धरले आणि पिन अगदी सावकाश आत सरकवली. मी वाकून पाहिले. आठवडाभरात मी त्या सॉकेटच्या आत प्रथमच पाहत होतो. तोपर्यंत मी त्याच्याविषयी फक्त मत बाळगून होतो.

आत पितळेची एक नाजूक पत्ती होती. आवाज घेऊन येणारी तार त्या पत्तीवर. पिन बाहेर असली की पत्ती खाली वाकून तिसऱ्या पायाला टेकते. पिन आत गेली की पत्ती उचलली जाते, तिसरा पाय सुटतो आणि आवाज फक्त पिनेत जातो. रेल्वेचा सांधा बदलावा तसे. म्हणजे तिसऱ्या पायावर स्पीकर हवा. पिन नाही, तर स्पीकर. पिन आहे, तर कान. मी तो पाय मोकळा सोडला होता, म्हणून दोन्ही चालले. विलासने तो जमिनीला जोडला, म्हणून पिन काढली की आवाज थेट जमिनीत जिरत होता, आणि घातली की मोकळा सुटत होता.

"म्हंजी एक तार काढायची आन एक सरकवायची," रंगराव म्हणाले. "येवढंच हाय."

त्यांनी सॉकेट धरले, मी आयर्न धरले, यावेळी योग्य टोकाला. त्यांची दहाही बोटे बॅटरीच्या उजेडात होती आणि डाग देण्याआधी मी ती मोजून घेतली. अण्णा मधूनच विचारत होते, की खोडमाशीचे पुढे काय झाले.

पिन बाहेर, स्पीकर बोलला. पिन आत, स्पीकर गप्प, आणि अण्णांच्या चेहऱ्यावर ऐकल्याची खूण उमटली. शेतीचा कार्यक्रम संपला होता; कोणी बाई गात होती. अण्णांनी ते गाणे पाहुण्यासारखे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मी अभिमानाने रंगरावांकडे वळलो. ते आमच्याच भिंतीला टेकून झोपले होते, हातात बॅटरी तशीच पेटलेली.

पण अण्णांचे मन अजून ठरलेले नव्हते. "उद्या दोनची गाडी आहे," ते म्हणाले. "साडेबाराला ऐकून बघू. रंगरावांची झोप मोडली नाही, तर राहीन. मोडली, तर ट्रंक उचल."

गुरुवारी आमच्या घरात बारापासून माणसे जमली. ट्रंक दाराशी. सरूबाई शेंगा घेऊन आल्या. गोजाबाई भिंतीला कान लावून बसल्या, पलीकडच्या घोरण्यावर लक्ष ठेवायला. साडेबाराला अण्णांनी पिन आत घातली.

शांतता पसरली. काहीच ऐकू येईना. पाच मिनिटे आम्ही नऊ माणसे एका न ऐकू येणाऱ्या कार्यक्रमाकडे डोळे लावून बसलो होतो, आणि पलीकडून घोरणे अखंड येत होते. गोजाबाईंनी माझ्याकडे पुन्हा त्या डॉक्टरच्या नजरेने पाहिले. कस्तुराने ट्रंक पायाने हळूच आत सरकवली.

मग अण्णांनी डोळे उघडले. समोर नऊ माणसे रिकामी बसलेली त्यांना दिसली. चौतीस वर्षांत त्यांच्यासमोर वर्ग असा कोरा कधी बसला नव्हता. आपण एकट्यानेच ज्ञान घेत आहोत ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली असावी. त्यांनी हात वर केला.

"तुडतुडे!" अण्णा कडाडले.

ज्या आवाजाला चौतीस वर्षे शेवटच्या बाकापर्यंत जाताना यंत्राची मदत लागली नाही तो हा आवाज. शिवाय कानात बोंडूक असल्याने त्यांना स्वतःचे बोलणे ऐकू येत नव्हते. "लिहून घ्या! तुडतुडे हे पानांच्या मागच्या बाजूस राहतात! मागच्या! सरूबाई, कुठल्या?"

"मागच्या," सरूबाई घाबरून म्हणाल्या.

घोरणे थांबले. खाट करकरली. गोजाबाईंनी डोळे मिटून घेतले. मी ट्रंकेच्या कडीला हात घातला. दोनच्या गाडीला अजून सव्वा तास होता.

"मास्तर!" भिंतीपलीकडून रंगरावांचा आवाज आला, झोपेने जड. "कंच्या पिकावरलं तुडतुडं?"

अण्णांना ते ऐकू आले नाही. मी त्यांच्या कानातले काढून सांगितले.

"भातावरचे," अण्णा म्हणाले.

"मंग सांगा पुढं. आमच्या थोरल्याच्या भाताला तेच लागल्यालं हाय. औषध काय म्हणत्यात?"

अण्णांनी बोंडूक पुन्हा कानात घातले, एक वाक्य ऐकले, आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने सांगितले. रंगरावांनी पलीकडून दुसरा प्रश्न टाकला. अर्धा तास हे चालले. तेवढ्यात दोनची गाडी आली आणि गेली असती तरी ट्रंक जागची हलली नसती. कस्तुराने ती केव्हाच खाटेखाली ढकलली होती.

प्रेस शॉपची तिसरी पाळी त्यानंतरच्या सोमवारपासून बंद झाली आणि रंगराव पहिल्या पाळीत आले. तशी नोटीस गेटवरच्या फळ्यावर, गोजाबाई आमच्या दारात आल्या त्याच्या आदल्याच दिवशी लागली होती. रंगराव झोपेच्या गुंगीत फळा वाचत नव्हते. खात्यातल्या बाकीच्यांनी वाचली होती. पण टाइम ऑफिसचा माणूस शेजारी राहतो म्हटल्यावर रंगरावांना ती आधीच कळली असणार, असे धरून त्यांना कोणी सांगितले नाही. नोटिशीखाली, न वाचता केलेली, सही माझी होती.